इंग्रजी शिकायला जपानला जाऊ का?

ताई, मी सांगलीची. वय २१. बी.ए. इंग्रजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजच्या लायब्ररीत लाफ्काडिओ हर्न यांनी लिहिलेल्या जपानी भुतांच्या गोष्टी हाती लागल्या आणि तिथून जपानीचं वेड लागलं. दोन वर्षं पुण्यातल्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकतेय, डिसेंबरात एन-४ (जपानीच्या परीक्षेची खालून दुसरी पायरी) झाली. आता मला जपानमध्येच इंग्रजी साहित्यात एम.ए. करायचंय. घरी सांगितलं तर सगळे हसले. मामा मार्केट यार्डात हळदीचे अडते आहेत. ते म्हणाले, 'हळद घ्यायला सांगली सोडून रत्नागिरीला निघालीय पोरगी.' बाबा म्हणतात, इंग्रजीच शिकायचं तर इंग्लंडला जा, कर्ज काढू. नाहीतर कोल्हापूर-पुणं आहेच. आई काही बोलत नाही. एकटी आजी म्हणाली, जा. आजी एस.एन.डी.टी.ची बी.ए. आहे, लग्नानंतर घरी अभ्यास करून परीक्षा दिलेली. मला खरं सांगा, हा वेडेपणा आहे का? माझं बोलण्यातलं इंग्रजी कच्चं आहे, तिथे जाऊन आणखी कच्चं होईल का? आणि परत आल्यावर या पदवीला कोण विचारणार?
— स., सांगली

प्रिय स.,

वेडेपणा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं उत्तर लांब आहे आणि तुझा जीव टांगणीला लागलेला असेल.

मी स्वतः हेच केलं आहे. मुंबईत एम.ए. करून जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर पश्चिम जपानमधल्या एका सरकारी विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकायला गेले, साडेतीन वर्षं राहिले. निघताना मलाही असंच ऐकवलं गेलं होतं आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे, म्हणून तुझ्या मामांपासूनच सुरुवात करते.

मामांना विचार, यार्डात येणारी सगळी हळद सांगलीतच पिकते का? ते नाहीच म्हणतील. कर्नाटकातून येते, तेलंगणातून येते, मराठवाड्यातून येते. मग ती सांगलीला कशाला येते? कांडी मोडून, रंग बघून, वास घेऊन माल ओळखणारी माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत म्हणून. पीक एकीकडचं, पारख दुसरीकडची. इंग्रजी साहित्य जपानात पिकत नाही हे खरं, पण ते पारखणारी एक पेठ तिथे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ भरते आहे आणि तिची पारखायची रीत लंडनपेक्षा निराळी आहे. ती रीत शिकायची असेल तर जा. नुसतं इंग्रजी हवं असेल तर बाबांचं ऐक.

ही पेठ कशी उभी राहिली ते थोडक्यात सांगते. तुझे भुतांच्या गोष्टींवाले हर्न १८९६ ते १९०३ या काळात तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठात इंग्रजी साहित्यच शिकवत होते. मुलांना उतरवून घेता यावं म्हणून ते सोप्या शब्दांत, संथपणे बोलत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या व्याख्यानांची पुस्तकं निघाली ती या मुलांच्या वह्यांवरून. त्यांच्यानंतर तिथे शिकवायला आले नात्सुमे सोसेकी. पुढे जपानचे सर्वांत लाडके कादंबरीकार झालेले सोसेकी मुळात इंग्रजीचे पदवीधर आणि इंग्रजीचे मास्तर. सरकारनं त्यांना १९०० मध्ये लंडनला पाठवलं. दोन वर्षं ते खोलीत कोंडून घेऊन वाचत राहिले आणि मनानं पार खचले. इंग्रजी साहित्यानं आपल्याला फसवलं की काय असं वाटत राहायचं, असं त्यांनी स्वतः १९०७ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. त्यातून ते बाहेर कसे आले, हे त्यांनी १९१४ मध्ये गाकुशुइन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना सांगितलं. एखादी कविता इंग्रज टीकाकाराला थोर वाटत असेल, मला वाटत नसेल, तर त्याच्या मागे मी मान का डोलवू? मी इंग्रज नाही, जपानी आहे, माझ्या वाचनाचा पाया माझ्याच पायांखाली हवा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीनं हे दोनदा वाचावं. आपल्याकडे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आलं, त्यामुळे ते चांगलं येणं म्हणजे शहाणं असणं आणि अडखळणं म्हणजे कमीपणा, ही गाठ आपल्या मनात बसली. जपाननं इंग्रजी स्वतः मागवलं. परदेशी शिक्षक भारी पगार देऊन आणले, सुरुवातीला विद्यापीठात शिकवणंसुद्धा परकीय भाषांतून चाललं, आणि एका पिढीच्या आत त्या जागांवर आपली माणसं बसवून सगळं जपानीत आणलं. याची दुसरी बाजू मला ठाऊक आहे: तिथला माणूस इंग्रजी बोलायला बिचकतो. पण 'मला इंग्रजी येत नाही' हे तो मान खाली न घालता सांगतो, आणि हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं.

आता एक मोठा गैरसमज, जो तुझाही असू शकतो. विषय इंग्रजी आहे म्हणजे वर्ग इंग्रजीत चालेल आणि जपानी बाजारहाटापुरतं लागेल, असं तू धरून चालली असशील. तसं नाही. तिथल्या बहुतेक विद्यापीठांच्या इंग्रजी साहित्य विभागात, ज्याला तिथे सगळे एइबुन्का म्हणतात, पुस्तक इंग्रजी असतं आणि बोलणं जपानीत. सेमिनार जपानीत, टीकाग्रंथ निम्मे जपानीत, वर्गात वाटायचं टिपण (त्याला रेजुमे म्हणतात) जपानीत. प्रबंध मात्र पुष्कळ विभागांत इंग्रजीत लिहावा लागतो किंवा लिहिता येतो. आपल्याकडे इंग्रजी साहित्य मराठीतून शिकवायचं म्हटलं तर लोक हसतील. तिथे ते रोज घडतं.

मी हे न समजता गेले. माझं जपानी तुझ्याइतकंच होतं. पहिल्या सत्रात मी इंग्रजीत रेजुमे दिला, इंग्रजीत बोलले, आणि खोलीत एकानंही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, माझं काम फारच उत्तम झालं. दोन महिन्यांनी एका सेनपाइनं, म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलीनं, कॅन्टीनमध्ये हळूच सांगितलं की कोणालाच उलट प्रश्न विचारण्याइतकं इंग्रजी भराभर सुचत नव्हतं, आणि मला जपानीत उत्तर देता येणार नाही म्हणून त्यांनी मला अडचणीत आणलं नाही. त्या रात्री मी एन-२ चं पुस्तक उघडलं.

इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रमही आहेत. तोक्योत सोफिया, वासेदा, आयसीयू (इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) या विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी घेता येते आणि त्यात साहित्याचे विषय असतात. नागोया विद्यापीठात भाषाशास्त्र आणि संस्कृती-अभ्यासाचा इंग्रजीतला मास्टर्स आहे. इंग्रजी कसं शिकवावं हेच शिकायचं असेल तर अमेरिकेच्या टेंपल विद्यापीठाची तोक्यो शाखा आहे. पण खरं सांगू? तिथे तुला जपानमध्ये राहून अमेरिकन पद्धतीचं शिक्षण मिळेल. वाईट नाही, पण मी ज्या पेठेबद्दल बोलते आहे ती ही नव्हे.

ती पेठ बघायची असेल तर रिंदोकुच्या तासाला बसायला हवं. रिंदोकु म्हणजे आळीपाळीनं वाचणं. एका टेबलाभोवती सहा-सात जण, नव्वद मिनिटं, आणि त्यात होतं किती? दीड पान. कधी तेवढंही नाही. तू वाक्य मोठ्यानं वाचायचं, त्याचं जपानी करायचं, आणि मग सेन्सेईंचे, म्हणजे प्राध्यापकांचे, प्रश्न सुरू. इथे 'द' का आहे, 'अ' का नाही? हा 'इट' कोणाचा? या 'बट'च्या आधी लेखिकेच्या मनात कोणतं न लिहिलेलं वाक्य आहे? माझं पहिलं सत्र जॉर्ज एलियटच्या एका कादंबरीच्या दोन प्रकरणांत गेलं. मुंबईत मी तीच कादंबरी चार दिवसांत 'केली' होती, त्यातल्या स्त्रीचित्रणावर बारा गुणांचं उत्तरही लिहिलं होतं. टेबलाशी बसल्यावर कळलं की मी ती वाचलीच नव्हती. वाचले होते ते गाइड.

पहिला महिना हा प्रकार मला छळ वाटला. दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट लक्षात आली. 'द' आणि 'अ' जपानीत नाहीत. मराठीतही नाहीत. जपानीचं क्रियापद शेवटी येतं, आपलंही. त्यांची विभक्ती शब्दाच्या मागून येते, आपलीही. बोलताना कर्ता गाळायची सवय त्यांना आहे, आपल्यालाही थोडीफार आहेच. म्हणजे इंग्रजी वाक्याचं जपानी करताना जिथे जिथे ते अडखळत होते, तिथे तिथे मीही मराठीत अडखळले असते, फक्त मी कधी करून पाहिलं नव्हतं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की इंग्रजीतच विचार करा. त्यामुळे जिथे दोन भाषा एकमेकींना घासतात ती जागा मी कायम टाळत आले होते, आणि ही मंडळी नेमकी तिथेच मुक्काम ठोकून बसली होती.

याच टेबलाशी एकदा हॅम्लेटच्या त्या प्रसिद्ध स्वगतावर चर्चा चालली होती. 'टू बी'चं जपानी करायचं कसं? जपानीत 'असणं' एक नाही. निर्जीव वस्तू असते त्याला 'आरु', सजीव असतो त्याला 'इरु'. १८७४ मध्ये योकोहामातून निघणाऱ्या एका इंग्रजी व्यंगमासिकात या ओळीचं जपानी छापून आलं होतं त्यात 'आरिमासु, आरिमासेन' असे शब्द होते, म्हणजे दुकानात माल आहे का नाही असं विचारावं तसं. पुढच्या अनुवादकांनी कोणी जगणं-मरणं घेतलं, कोणी असणं-नसणं घेतलं, आणि प्रत्येक निवडीबरोबर हॅम्लेट बदलत गेला. सेन्सेईंनी सात-आठ अनुवाद फळ्यावर लिहिले. मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, तुमच्या भाषेत हे पहिल्यांदा कोणी केलं?

मला सांगता आलं नाही. आगरकरांनी हॅम्लेटचा अनुवाद केला हे शाळेत कधीतरी वाचलं होतं, पण तो डोळ्यांखालून घातलेला नव्हता, सालसुद्धा ठाऊक नव्हतं. मी इंग्रजीची एम.ए., पाच वर्षं शेक्सपिअर शिकलेली, आणि माझ्या भाषेत तो कसा आला हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही कोणाला विचारलं नव्हतं. सेन्सेई म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगा. तो आठवडा मी विसरणार नाही. घरी फोन करून आत्याला ग्रंथसंग्रहालयात पाठवलं, तिनं पानं झेरॉक्स करून पोस्टानं धाडली, ती तीन आठवड्यांनी पोचली. तेव्हा सेन्सेईंनी तो विषय पुन्हा काढला आणि मी मराठी ओळी मोठ्यानं वाचल्या. कोणाला अर्थ कळला नाही. सगळ्यांनी लिहून घेतल्या.

हे इतकं लांबण लावून सांगितलं कारण तुझ्या संशोधनाचा विषयही इथेच कुठेतरी सापडेल असं मला वाटतं. बघ, आगरकरांचं विकारविलसित, म्हणजे हॅम्लेटचा तो अनुवाद, १८८३ चं. त्सुबोउची शोयो या जपानी लेखकाचा ज्युलियस सीझरचा अनुवाद १८८४ चा, तोही त्यांच्या कठपुतळी रंगभूमीच्या गायकी ढंगात. एका वर्षाचं अंतर, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्सुबोउची पुढे वासेदात शिकवत राहिले, १९२८ पर्यंत त्यांनी शेक्सपिअर सबंध जपानीत आणला आणि त्यांच्या नावाचं नाट्यसंग्रहालय त्याच वर्षी तिथे उभं राहिलं. आता ऑथेल्लो घे. देवलांचा झुंझारराव १८९० चा. जपानात कावाकामी ओतोजिरोनं १९०३ मध्ये ऑथेल्लो रंगभूमीवर आणला तेव्हा सायप्रसचं तैवान केलं आणि ऑथेल्लोचा वाशिरो. झुंझारराव आणि वाशिरो यांना समोरासमोर बसवून बघ काय होतं ते! आणि देवल कुठले? तुमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. ज्या हरिपूरला मामांची हळद पेवांत ठेवत, तिथले. हाच विषय घे असं म्हणत नाही, तुझा तू शोध. पण सांगलीत बसून जो विषय फक्त तुलाच दिसू शकतो, तो घेऊन जा. डिकन्सवर त्यांना भारतातून विद्यार्थिनी कशाला हवी?

आता व्यवहार. पहिली अडचण अशी आहे की ती शेवटच्या क्षणी कळली तर वर्ष जातं. जपानमध्ये मास्टर्सच्या प्रवेशाला साधारणपणे १६ वर्षांचं शिक्षण लागतं. आपलं बारा अधिक तीन म्हणजे पंधरा. काही विद्यापीठं वयाची २२ वर्षं पूर्ण झालेल्या अर्जदाराची स्वतंत्र पात्रता-तपासणी करतात, पण त्यावर विसंबून राहू नकोस. चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी करता येत असेल तर ती कर, नाहीतर इथे एम.ए.ला प्रवेश घे. हे वर्ष तुला तसंही जपानीसाठी हवंच आहे. जुलैत एन-३, पुढच्या वर्षी एन-२. रेटून केलंस तर जमेल, दोन वर्षांत एन-४ गाठणाऱ्या मुलीला कांजीची, म्हणजे जपानी चित्रलिपीची, भीती राहिलेली नसते.

दुसरं, वाट. सरळ मास्टर्सची प्रवेशपरीक्षा देण्याऐवजी परदेशी विद्यार्थी बहुधा आधी केनक्यूसेई म्हणून जातात. केनक्यूसेई म्हणजे पदवीविना एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली सहा महिने-वर्षभर राहणारा संशोधक विद्यार्थी. या काळात वर्गात बसायचं, जपानी पक्कं करायचं आणि प्रवेशपरीक्षेची तयारी करायची. त्या परीक्षेत इंग्रजी उताऱ्यांचं जपानी भाषांतर, साहित्याच्या इतिहासावरचे प्रश्न आणि मुलाखत असा मामला असतो. पुष्कळ ठिकाणी दुसरी परकीय भाषाही विचारतात, ते प्रत्येक विभागाच्या माहितीपत्रकात नीट बघ.

पैसे. सरकारी विद्यापीठांची ठरलेली फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाच्या वेळी एकदाच २,८२,००० येन. तोक्यो विद्यापीठानं २०२५ पासून नव्या पदवी-विद्यार्थ्यांसाठी ती ६,४२,९६० केली, मास्टर्सला ही वाढ २०२९ पासून ठरली आहे. म्हणजे आजच्या दरानं बहुतेक ठिकाणी वर्षाची फी तीन लाख रुपयांच्या आसपास पडते. खासगी विद्यापीठं बरीच महाग. बाबांना हा आकडा आणि इंग्लंडमधल्या एम.ए.ची फी शेजारी शेजारी लिहून दाखव, कर्जाची चर्चा तिथेच निम्मी होईल. शिवाय जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मोनबुकागाकुशो शिष्यवृत्ती आहे, जिला सगळे मेक्स्ट म्हणतात. ती मिळाली तर फी माफ, विमानाचं तिकीट आणि मास्टर्सला महिना १,४४,००० येन. वयाची अट ३५ च्या आतली. दूतावासामार्फतची जाहिरात साधारण एप्रिल-मेमध्ये येते, जपानी आणि इंग्रजीची लेखी परीक्षा होते, मुलाखत होते. चुरस मोठी आहे आणि मला ती दुसऱ्या खेपेला मिळाली. विद्यार्थी व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पण पहिलं वर्षभर त्याच्या भरवशावर हिशोब मांडू नकोस. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, रात्रपाळी करून सकाळी रिंदोकुला डुलक्या घेणारी मुलं मी पाहिली आहेत.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सेन्सेई शोधणं. तिथे तू विद्यापीठ निवडत नाहीस, गुरू निवडतेस. नाइदाकु, म्हणजे 'हो, मी या विद्यार्थिनीला घेईन' असा प्राध्यापकाचा अनौपचारिक होकार, बहुतेक ठिकाणी अर्जाच्या आधी लागतो. रिसर्चमॅप नावाच्या संकेतस्थळावर जपानी संशोधकांची माहिती असते, सायनी आणि जे-स्टेजवर त्यांचे लेख. कोण शेक्सपिअरच्या अनुवादांवर लिहितं, कोण वसाहतींमधल्या इंग्रजीवर, हे बघ आणि त्यांचा एक तरी लेख खरोखर वाच. जपानीत असेल तर कोश घेऊन वाच, महिना लागू दे. मग पत्र लिही, आणि त्यात 'तुमच्या लेखातल्या अमुक परिच्छेदावर मला असा प्रश्न पडला' असं एक तरी वाक्य असू दे. एकाच मजकुराची पन्नास पत्रं पन्नास जणांना पाठवणारे पुष्कळ असतात, ते सेन्सेईंना पहिल्या ओळीत कळतं. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस: जपानी अजून एन-४ आहे, पुढच्या वर्षी एन-२ देणार आहे, असं सरळ लिही. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण कर, मग पुढच्यांना लिही.

बोलण्यातल्या इंग्रजीचं काय? कच्चं होईल का, असं विचारलंस. ओघ थोडा कमी होईल, हो. माझा झाला होता. दिवसभर जपानी ऐकून इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की 'एतो...' (आपलं 'म्हणजे...') बाहेर यायचं. पण लिहिलेलं इंग्रजी इतकं घासून निघेल की मागचे स्वतःचे निबंध वाचवणार नाहीत. आणि तुझ्या उच्चारांना तिथे कोणी हसणार नाही, ही माझी खात्री. त्या खोलीत सगळ्यांनीच इंग्रजी परकी भाषा म्हणून, घाम गाळून मिळवलेलं असतं, सेन्सेईंसकट.

तरीही तिथलं सगळं चांगलंच आहे असं समजू नकोस. वाद घालणं कमी. सेन्सेईंना खोडून काढणं जवळजवळ नाहीच. दीड पानाच्या नादात पूर्ण पुस्तक डोळ्यांसमोरून निसटतं, आणि नव्या विचारप्रवाहांचं वाचन ज्याचं त्यानं करावं लागतं. शिवाय हे विभाग आकसत चालले आहेत. १९९२ मध्ये तिथे अठरा वर्षांच्या मुलामुलींची संख्या २० लाखांवर होती, आता ती ११ लाखांच्या आसपास आली आहे. २०१५ मध्ये शिक्षण मंत्रालयानं सरकारी विद्यापीठांना मानव्यविद्यांच्या विभागांची फेररचना करायला सांगितलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. कित्येक विभागांच्या पाट्यांवरून 'इंग्रजी साहित्य' हे शब्द गेले आणि तिथे 'संवाद', 'आंतरराष्ट्रीय संस्कृती' असलं काही आलं. मला याचं फार वाईट वाटतं. पण याचा व्यावहारिक अर्थ असा की तिथे राहून प्राध्यापक होईन अशी आस धरून जाऊ नकोस.

तिथे इंग्रजी शिकवून राहीन, असंही मनात असेल तर आत्ताच सांगते. शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून जायचं तर व्हिसाच्या नियमांत त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असण्याची अट आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी त्यात अडकते. खासगी भाषावर्गांचा व्हिसा वेगळ्या प्रकारात मोडतो, पण तिथेही गोऱ्या चेहऱ्याला मागणी जास्त. हे अन्यायाचं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही.

परत आल्यावर? इथे प्राध्यापक व्हायचं तर परदेशी पदवीला समकक्षता मिळवावी लागेल आणि नेट किंवा सेट द्यावीच लागेल. तिचा अभ्यासक्रम आडवा पसरलेला, तुझं तिथलं काम उभं खोल गेलेलं, त्यामुळे वर्षभर वेगळी तयारी लागेल. इथलं एम.ए.चं एखादं वर्ष झालेलं असेल तर ती सोपी जाईल. पोटापाण्याचा विचार केलास तर तुला भाकरी देईल ते जपानी. पुण्या-मुंबईत चांगलं जपानी जाणणाऱ्याला काम आहे, आणि ज्याला जपानी, इंग्रजी, मराठी या तिन्हींत नेमकं वाक्य लिहिता येतं अशी माणसं हातावर मोजण्याइतकी. मी आज अनुवाद करते, दोन कॉलेजांत तास घेते, आणि माझ्या तासाला आम्ही दीड पान वाचतो.

आजीचं राहिलं. ती 'जा' म्हणाली यात मला काही नवल वाटलं नाही. तिच्या विद्यापीठाचा उगमच बघ ना. तोक्योत नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, त्याची माहिती देणारी पुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली, आणि तिच्या प्रेरणेनं त्यांनी १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. तेच आजचं एस.एन.डी.टी. आजीच्या पदवीचा एक धागा जपानला पोचतो, हे तिला ठाऊक नसेल तर वाचून दाखव. आईही तिथेच बसलेली असू दे. ती गप्प आहे म्हणजे विरोधात आहे असं धरू नकोस. तिला बहुतेक खाण्याची आणि एकटेपणाची काळजी असेल, आणि ती खोटी नाही. तिथे मिसो सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो, शाकाहारी असशील तर हातानं करून खावं लागेल. फेब्रुवारीतल्या संध्याकाळी खोली फार गार असते. पहिलं वर्ष वसतिगृहातच राहा. भाड्याच्या खोलीला हमीदार, घरमालकाला द्यायचे वरचे पैसे ही कटकट नको.

एवढं कर: या महिन्यात आगरकर आणि देवल दोन्ही मिळव, सांगलीच्या वाचनालयात नसतील तर पुण्याहून मागव. कोणत्याही एका पानाचं मूळ इंग्रजीशी ताडून बघ, प्रत्येक 'द'पाशी थांबून. तुला जिथे पहिला प्रश्न पडेल तिथून सेन्सेईंचं पत्र लिहायला घे. मसुदा झाला की मला पाठव, इंग्रजीही आणि जपानीही, चुका असू देत. मी बघून देईन.

तुझी,
ताई